पुसता येणाऱ्या पेनाचा डाग: गेला की लपला?

शेवंती | 2 जानेवारी, रात्री 10:40

मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

नणंदबाई अमेरिकेहून आल्या आहेत, 11 तारखेला परत जाणार. काल एका बारशाला जायचं होतं, तर त्यांनी त्यांचा पांढरा चिकनचा कुर्ता मला घालायला दिला. सुती आहे, लखनौहून मागवलेला, सगळं काम हाताचं. बारसं छान झालं. घरी येऊन सोफ्यावर टेकले, चहा घेतला, उठले तर लेक ओरडली, "आई, मागे बघ!" तिचं पेन टोपण न लावता सोफ्यावर पडलं होतं. कमरेच्या खाली रुपयाच्या नाण्याएवढा निळा डाग आणि त्याला शेपूट असावं तशी दोन इंचांची रेघ.

पेन साधं नाही. त्याच्या मागच्या रबराने घासलं की लिहिलेलं पुसलं जातं, तसलं आहे. आणि तेही वन्संनीच भाचीसाठी आणलेलं. म्हणजे पेन त्यांचं, कुर्ता त्यांचा, बसणारी तेवढी मी.

आतापर्यंत लिंबू-मीठ चोळलं, डाग ढिम्म. अर्धा तास दुधात बुडवलं, कुर्त्याला दुधाचा वास, डाग तिथेच. लेक म्हणाली, कागदावर रबराने जातं तर कापडावर का नाही? म्हणून तिने घासून पाहिलं. खरंच थोडा फिका झाला! पण कापडाचे तंतू उठायला लागले म्हणून मीच थांबवलं.

वन्संना अजून सांगितलेलं नाही. काहीतरी सुचवा.

---

बंड्याबापू | 2 जानेवारी, रात्री 10:58

सॅनिटायझर. करोनाच्या काळातल्या बाटल्या घरोघरी पडून असतील. खाली जुना रुमाल ठेवा, वरून कापसाने टिपा. माझ्या खिशात बॉलपेन फुटलं होतं, निम्म्याहून जास्त निघालं.

---

रेणू_ठाणे | 2 जानेवारी, रात्री 11:05

हेअरस्प्रे मारा. आमच्या आईचा ठरलेला उपाय.

---

बंड्याबापू | 2 जानेवारी, रात्री 11:09

रेणूताई, हेअरस्प्रेतलं काम करतं ते अल्कोहोलच. बाकीचा चिकटा कापडावर राहतो तो वेगळाच. मग सरळ स्पिरिटच का नको?

---

वऱ्हाडी_ठेचा | 2 जानेवारी, रात्री 11:30

धोब्याला द्या अन् मोकळ्या व्हा बाप्पा. त्याला बरोबर समजते.

---

मालन_आजी | 3 जानेवारी, सकाळी 6:15

शेवंती, नेलपॉलिश काढायचं द्रव्य आणि ब्लीच या दोन्हींपासून लांब राहा. पहिल्याने सुती कापडाला काही होत नाही, पण कुर्त्याला अस्तर किंवा पट्टी अॅसिटेटची असेल तर ती चक्क विरघळते. माझ्या एका ब्लाउजला असं भोक पडलंय. आणि ब्लीचने हातकामाचा दोरा कुजका होतो. घाबरून ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अॅसिड मिसळायला तर जाऊच नकोस, क्लोरीन वायू निघतो.

---

शेवंती | 3 जानेवारी, सकाळी 9:20

मंडळी, चमत्कार!!

रात्री साध्या साबणाने धुऊन टाकला होता. सकाळी पाहिलं तर ओलसरच, म्हणून वाळवायला इस्त्री फिरवली. आधी छातीच्या बाजूने, मग मागे. इस्त्री डागावरून पुढे गेली आणि मागे वळून बघते तर काही नाही. पुन्हा सांगते, काहीच नाही. रेघेचं थोडं टोक उरलं होतं, त्यावर इस्त्री टेकवली तर तेही डोळ्यांदेखत गेलं. खिडकीत उजेडात धरून पाहिलं. पांढरा शुभ्र.

सगळ्यांचे आभार. आता घडी घालून वन्संच्या बॅगेत ठेवते.

---

रेणू_ठाणे | 3 जानेवारी, सकाळी 9:26

वा वा! अभिनंदन. सुटलीस बाई.

---

चंचुपात्र | 3 जानेवारी, सकाळी 9:48

शेवंतीताई, घडी घालायची थांबा. डाग गेलेला नाही, फक्त दिसेनासा झालाय.

या पेनांतली शाई बॉलपेनासारखी नसते. त्यातला रंग दोन-तीन मायक्रॉनच्या बंद कुप्यांत भरलेला असतो. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड, यावरून अंदाज करा. प्रत्येक कुपीत तीन जिन्नस असतात. एक रंगद्रव्य, जे एकटं असलं तर बिनरंगी असतं. दुसरा त्याला रंगात आणणारा जोडीदार. आणि तिसरा त्या दोघांत मध्यस्थी करणारा मेणासारखा पदार्थ. थंड असताना पहिले दोघे एकमेकांना धरून बसतात, म्हणून निळं दिसतं. 60-65 अंशांच्या आसपास तिसरा वितळतो, दोघांची जोडी फुटते आणि रंग गायब. कागदावर रबर घासतो तेव्हा रबराने शाई खरवडली जात नाही, घर्षणाने तापते इतकंच. तुमच्या लेकीने कापडावर घासलं तेव्हा फिकं झालं ते त्यामुळेच. सुती कापडाची इस्त्री तर दीडशेच्याही वर तापते, मग काय विचारता.

गंमत पुढे आहे. कुर्ता गार झाला तरी रंग लगेच परत येत नाही. जोडी पुन्हा जुळायला उणे 10 च्या खाली जावं लागतं, आणि उणे 20 च्या सुमारास रंग पूर्ण परततो. मधल्या सगळ्या तापमानात शाई आहे त्या अवस्थेत पडून राहते. मुद्दाम तशीच बनवली आहे, नाहीतर पुसलेलं उत्तर थंडीच्या सकाळी वहीत परत उगवलं असतं.

हे तंत्र जपानच्या पायलट कंपनीचं. रंग बदलणारी शाई त्यांनी 1970 च्या दशकातच केली होती, पण ती पेनात यायला 2006 उजाडलं. पहिल्यांदा युरोपात विकली, जपानात पुढच्या वर्षी. आता बऱ्याच कंपन्यांची तशी पेनं मिळतात.

जाता जाता, एटीएमची पावती याच घराण्यातली, फक्त स्वभाव उलटा. ती तापली की काळी पडते.

---

शेवंती | 3 जानेवारी, सकाळी 9:55

म्हणजे नाशिकला असेपर्यंत ठीक ना? इथे कितीही थंडी पडली तरी उणे 10 कुठून होणार?

अरे देवा. वन्सं मिनियापोलिसला राहतात.

---

हिमवाळी | 3 जानेवारी, सकाळी 10:20

मी तिथलीच. 😄 आमच्याकडे जानेवारीत उणे 20 ही काही बातमी नसते. कुर्ता घरात कपाटात राहिला तर काही होणार नाही, अंगात जाकिटाखाली असला तरी नाही. पण दिवाळी-संक्रांतीच्या कार्यक्रमाला कपड्यांची पिशवी रात्रभर गाडीच्या डिकीत राहतेच राहते. सकाळी मंडळात कपडे बदलताना निळं शेपूट दिसायचं आणि तुमच्या वन्सं विचार करत बसायच्या की हे आलं कुठून.

---

वऱ्हाडी_ठेचा | 3 जानेवारी, सकाळी 10:41

आमच्याकडचं उलटं झालं होतं. पोराची वही मे महिन्यात गाडीत समोरच्या काचेखाली राहिली, दुपारभर. नागपूरचं ऊन. संध्याकाळी वही उघडली तर चार पानं कोरी. पोरगं म्हणते मी गृहपाठ केला होता, मॅडम म्हणे सगळे असंच सांगतात. मले वाटलं तोच खोटं बोलून राहिला. बिचाऱ्याची माफी मागावी लागते आता.

---

चंचुपात्र | 3 जानेवारी, सकाळी 10:50

ठेचाभाऊ, वही असली तर रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गृहपाठ परत येईल.

---

वऱ्हाडी_ठेचा | 3 जानेवारी, सकाळी 10:52

तो आता बारावीत आहे.

---

श्टुटगार्टची_सून | 3 जानेवारी, दुपारी 1:30

थोडं अवांतर. इथे जर्मनीत शाळेत मुलं शाईच्या पेनाने लिहितात आणि खोडायला शाईमारकं पेन वापरतात, त्यालाही लोक पुसता येणारी शाईच म्हणतात. ते प्रकरण वेगळं. ती ठरावीक निळी शाई रसायनाने बिनरंगी होते, उष्णतेशी संबंध नाही, आणि कपड्यावरून बहुतेक वेळा साध्या धुण्यात निघते. तेव्हा उपाय विचारताना आधी पेन कुठल्या जातीचं ते बघा. मागे कडक, गुळगुळीत रबर असेल आणि घासल्यावर रबराचा चुरा पडत नसेल, तर ते उष्णतेवालं.

---

कारकून | 3 जानेवारी, दुपारी 2:05

चुरा म्हटल्यावर आपलं लाल-निळं खोडरबर आठवलं. निळ्या बाजूने शाई जाते म्हणायचे. शाई जायची, तिच्यासोबत कागदही जायचा.

आणि कृपया या पेनाने चेकवर सही करू नका. आमच्या बँकेत एक गृहस्थ असं पेन घेऊन आले होते. मी ते काढून घेतलं आणि काउंटरचं दोरीवालं दिलं, तर रागावले.

---

गोधडीवाली | 3 जानेवारी, दुपारी 3:40

आत्ता पाहिला हा धागा. मी गोधड्या आणि क्विल्ट शिवते, आमच्या धंद्यात ही पेनं सर्रास वापरतात. कापडावर नक्षी काढायची, त्यावर टाके घालायचे, शेवटी इस्त्री फिरवली की रेषा गायब. खडूपेक्षा बारीक रेघ येते.

पण दोन ठेचा खाल्ल्यात. एक म्हणजे गडद कापड. काळ्या खणावर रेषा काढल्या होत्या, इस्त्रीने निळं गेलं आणि जागेवर पांढुरकी रेघ राहिली. कुप्या तिथेच असतात ना, रंग नसला तरी त्या दिसतात. धुऊन थोड्या गेल्या, थोड्या अजून आहेत. दुसरं म्हणजे थंडी. एक क्विल्ट कॅनडाला दिलं होतं. त्या बाईंनी फोटो पाठवला, माझी सगळी मापं, बाण आणि "इथून सुरू" हेही निळ्या अक्षरात. तेव्हापासून विकायच्या वस्तूवर खडू किंवा पाण्याने धुतलं जाणारं पेनच, दुसरं काही नाही.

शेवंतीताई, तुमचा कुर्ता पांढरा आहे हे नशीब. फक्त घासू नका. चिकनमधल्या बारीक गाठींना फंदा म्हणतात, त्या एकदा उसवल्या की तशा पुन्हा बसत नाहीत.

---

रेणू_ठाणे | 3 जानेवारी, दुपारी 4:00

मी म्हणते, दिसत नाही ना? मग द्यावा परत. अमेरिकेत उगवला तर उगवला, कोण सिद्ध करणार?

---

मालन_आजी | 3 जानेवारी, दुपारी 4:12

रेणू, तू नणंद नाहीस वाटतं कुणाची.

---

शेवंती | 3 जानेवारी, संध्याकाळी 5:30

नाही हो, आता माहीत झाल्यावर तसा देववणार नाही. पण चंचुपात्र, मला सांगा, दिसतच नाही तर काढू कसा? नेमका कुठे होता तेही आता नीट आठवत नाही.

---

चंचुपात्र | 3 जानेवारी, संध्याकाळी 6:02

आधी परत आणा, मग काढा. दोन दारांच्या फ्रिजचा फ्रीजर उणे 18 च्या आसपास असतो. कुर्ता कोरडा करून पिशवीत घाला, रात्रभर ठेवा. दिसला की खालीलप्रमाणे.

डागाखाली पांढरा जुना कपडा दुमडून. डाग कापडाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर कुर्ता उलटा करून ठेवा, म्हणजे शाई आली त्याच वाटेने बाहेर जाईल. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट किंवा रंगहीन सॅनिटायझर कापसाने टिपत राहा, कडेकडून मध्याकडे, म्हणजे डाग पसरणार नाही. खालचा कपडा सारखा सरकवा. बॉलपेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळून निघते, तसं इथे होणार नाही. इथे रंग कुप्यांत बंद आहे, तुम्हाला त्या कुप्याच धाग्यांतून सुट्या करून बाहेर काढायच्यात. म्हणून लगेच भांडी घासायचं द्रव साबण दोन थेंब, बोटाने हलकं चोळायचं, साध्या पाण्याखाली उलट्या बाजूने धार धरायची. मग पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीत होणार नाही.

गरम पाणी अजिबात नको. गिझरचं कडकडीत पाणी लागलं तर डाग पुन्हा लपेल आणि तुम्हाला वाटेल झालं काम. हेअर ड्रायरही नको. गॅसजवळ स्पिरिट नको हे सांगायला नको. आणि रंगीत कपड्यावर करणाऱ्यांनी आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा, कपड्याचाच रंग सुटू शकतो.

---

शेवंती | 4 जानेवारी, सकाळी 7:50

रात्रभर ठेवला. काही आलं नाही. आमचा एका दाराचा फ्रिज आहे, वर तो बर्फाचा छोटा कप्पा. बर्फ होतो, पण कुर्ता नुसता गारेगार झालाय.

---

चंचुपात्र | 4 जानेवारी, सकाळी 8:15

त्या कप्प्यात बर्फ होईल, पण उणे 15-18 मिळेलच असं नाही. शेजारी कुणाकडे मोठा फ्रिज?

---

शेवंती | 4 जानेवारी, सकाळी 8:21

आहे. पण शेजारच्या काकूंना कळलं की वन्संना कळलं.

---

मालन_आजी | 4 जानेवारी, सकाळी 8:40

अगं, पॉटचं आइस्क्रीम विसरलात का सगळे? फ्रिज नव्हते तेव्हा आम्ही लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ घालून आइस्क्रीम गोठवायचो की! हात घातला तर बोटं जळायची. त्याहून गार तुझा फ्रीजर तरी असतो का?

---

चंचुपात्र | 4 जानेवारी, सकाळी 8:44

आजी, साष्टांग नमस्कार. हे मला सुचायला हवं होतं. फोडलेला बर्फ तीन भाग आणि मीठ एक भाग. मिश्रण पार उणे 21 पर्यंत जाऊ शकतं, घरच्या डब्यात उणे 15 तरी सहज. शेवंतीताई, कुर्ता दोन पिशव्यांत घाला, खारं पाणी लागता कामा नये. डागाचा भाग पिशवीला चिकटून राहील अशी घडी करा.

---

शेवंती | 4 जानेवारी, दुपारी 3:10

सविस्तर लिहिते, कारण अजून हात गार आहेत.

कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फ आणला, खडे मीठ एक किलो. बर्फ पोत्यात घालून बत्त्याने फोडला. वन्सं खालून विचारत होत्या काय ठोकतेयस, म्हटलं शेंगदाणे. स्टीलच्या पिंपात एक थर बर्फ, एक मूठ मीठ, असं करत मध्ये कुर्त्याची पिशवी, वर पुन्हा बर्फ. पिंपाला बाहेरून पांढरं दव धरलं आणि मग ते दव गोठून खरखरीत झालं. अर्ध्या तासाने पिशवी वर काढली. कापड पत्र्यासारखं ताठ. घडी उघडली तर आधी काहीच नाही, मनात म्हटलं बरं झालं. मग उजेडाकडे वळवली आणि मधोमध तो. तसाच गोल, तसंच शेपूट, जसा काही इस्त्रीच्या दिवशी बाहेरगावी गेला होता. फक्त थोडा फिका.

लेक म्हणाली, "आई, टाळ्या वाजवू का?"

मग गच्चीवर बसले. पहिल्या फेरीत खालच्या रुमालावर निळी छटा आली, ती बघून इतका आनंद झाला की सांगू नका. दुसरीत आली, तिसरीत अगदी पुसट, चौथीत नाही. साबण प्रत्येक वेळी दोन थेंब. दात घासायचा ब्रश घेतला होता, पण गोधडीवाली ताईंचं आठवून ठेवून दिला, सगळं बोटाच्या टोकानेच केलं. रेघ पूर्ण गेली. नाण्याच्या जागी एक फिकी सावली उरली, ती पाचव्या-सहाव्या फेरीत गेली.

---

गोधडीवाली | 4 जानेवारी, दुपारी 3:25

शाब्बास! आता इस्त्री करायच्या आधी पुन्हा एकदा पिंपात घाला. नाहीतर कळणार कसं?

---

शेवंती | 4 जानेवारी, रात्री 8:30

घातला. सावलीत वाळवून, नवा बर्फ आणून. अर्धा नाही, पाऊण तास ठेवला.

कापड स्वच्छ. फक्त एका फुलाच्या पाकळीत जो बारीक फंदा आहे, त्या एका गाठीत खसखशीएवढा निळा ठिपका. दोऱ्याच्या आत घुसलाय, तो काही निघत नाही. गाठ सोडायची माझी छाती नाही.

मग पिंप उचलून खाली नेताना वन्संनी जिन्यातच गाठलं. शेंगदाणे दिवसातून दोनदा कोण फोडतं, असा प्रश्न. सगळं सांगून टाकलं. कुर्ता दाखवला, ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फुल शोधलं, आणि म्हणाल्या, "पेन मी आणलं, कुर्ता मी दिला, आता बर्फ-मीठ आहेच तर आइस्क्रीम तरी मला मिळू दे." दूध आटवायला ठेवलंय.

---

हिमवाळी | 4 जानेवारी, रात्री 8:52

पाकृ टाका! आणि त्यांना म्हणावं, कुर्ता डिकीत ठेवू नका.

---

कारकून | 4 जानेवारी, रात्री 9:05

ठिपका एका फंद्यात म्हणजे हिशेब जवळजवळ जुळला.

---

नवी_सासू | 9 जानेवारी, दुपारी 12:10

नमस्कार, धागा वाचून आले. माझ्या पांढऱ्या साडीच्या काठाला ओल्या मेंदीचा डाग लागलाय. बर्फ-मीठ चालेल का? इस्त्री केली तर लपेल का?

---

चंचुपात्र | 9 जानेवारी, दुपारी 12:18

नाही, नाही, आणि इस्त्री तर मुळीच नाही. मेंदी उष्णतेने लपत नाही, पक्की बसते. आत्ताच्या आत्ता गार पाण्यात घाला आणि नवा धागा काढा.